पिल्लं निघू देत, मग जाऊ

वैशाली,

परवा एका वर्तमानपत्राचा माणूस येऊन गेला. तुझ्यावर दोन कॉलम छापायचेत म्हणाला. जन्म कुठला, शिक्षण किती, कासवांची घरटी राखायला कधीपासून लागलीस, होडी घेऊन समुद्रावर जाणारी तू गावातली पहिलीच बाई का, असं सगळं त्याला हवं होतं. मी त्याला आबांकडे पाठवलं. तुझ्या वडिलांनी त्याला घरापुढच्या खळ्यात बसवलं, चहा दिला आणि बांगडा कमी का झाला ते सांगत बसले. तुझं नावच निघेना त्यांच्या तोंडून. बिचारा वही मिटून उठला. जाताना मला म्हणाला, "तुम्ही तरी काहीतरी लिहून द्या. नवरा म्हणून."

म्हणून बसलोय. पण त्याला हवं ते यात काही येणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू उठून गेलीस. तशी ती तुझी सवयच होती, वाद तापला की काहीतरी काम काढून किनाऱ्यावर जायचं. पण तेव्हा तू जेवायच्या वेळेला परत यायचीस.

तुझ्यामाझ्यातलं पहिलं वाक्यसुद्धा भांडणाचंच होतं. आठवतं? मी तेव्हा लोट्याला एका कंपनीत ऑपरेटर होतो. कंपनीच्या बसने जायचं, कंपनीच्या बसने यायचं, आणि सुट्टी मिळाली की झोपायचं. मित्र म्हणाले कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायला जाऊ, तर गेलो. संध्याकाळची वेळ. दोरीच्या अलीकडे गर्दी, पलीकडे वाळूत तू गुडघ्यांवर बसलेली, आणि तुझ्यासमोर ती एवढीएवढीशी काळी पिल्लं. मी मोबाइल वर केला.

"ओ, पिवळा टी-शर्ट! तो फ्लॅश बंद करा. पिल्लं उजेडाकडे धावतात. तुमच्या मोबाइलकडे आली तर काय घरी नेऊन पाळणार?"

सगळे हसले. माझे मित्र सर्वांत जास्त. मी मोबाइल खिशात टाकला. एक पिल्लू उलटं फिरून आमच्याकडे यायला लागलं होतं. एक काकू म्हणाल्या, अगं, उचल की ते. तू म्हणालीस, "नाही. त्याचं त्याला वळू दे." आणि सगळी गर्दी श्वास रोखून त्या पिल्लाकडे बघत राहिली. ते वळलं. लाटेने नेलं. तू उठलीस, हातावरची वाळू झटकलीस, आणि त्या क्षणी मी कामातून गेलो.

पुढच्या रविवारी मी परत आलो. तोच पिवळा टी-शर्ट घालून आलो, तू ओळखावंस म्हणून. तू ओळखलंस, आणि माझ्या हातात घमेलं दिलंस.

आमच्या घरी रण माजलं. आम्ही समुद्रापासून आत, खेडकडची शेतकरी माणसं. माझ्या आईचं म्हणणं, मच्छीमारांच्या घरातली मुलगी एक वेळ चालेल, पण मुलाने कंपनी सोडून सासरी राहायला जायचं हे कुठलं? तुला भाऊ नव्हता. आबांचे गुडघे जायला लागले होते. तू मला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतंस, "मी हा किनारा सोडून येणार नाही. तुला यायचं असेल तर ये." मी आलो. घरजावई म्हणून लोक मागून हसायचे, पण मला त्याचं फार काही वाटलं नाही. वाटलं ते आबांनी घेतलेल्या परीक्षेचं. नोकरी, जमीन, पत्रिका, काही विचारलं नाही त्यांनी. "पोहता येतं?" एवढंच विचारलं.

"येतं ना. आमच्या नदीच्या डोहात शिकलोय."

"डोहात?" आबा तुझ्याकडे बघून म्हणाले. "बरं. म्हणजे येत नाय, असं धरू."

तुमचं घर म्हणजे नियमांचं घर होतं, आणि एकही नियम कुठे लिहिलेला नव्हता. जाळं मोठ्या आसाचं घ्यायचं, म्हणजे भोकं मोठी, म्हणजे लहान मासा निसटून जातो. तरीही बारीक काही आलंच, तर जिवंत असतानाच पाण्यात परत. पावसाळ्यातली सरकारी मासेमारीबंदी उठली तरी नारळी पौर्णिमेपर्यंत आपली होडी किनाऱ्यावरच. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकाळ खडप आहे तिथे मासा अंडी घालायला येतो, त्या दिवसांत तिकडे फिरकायचं नाही. आणि तुझी आई! मला वाटायचं कोळीण म्हणजे मिळेल तो मासा विकणारी. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बाजारात गेलो तेव्हा एका बाईने बारीक सुरमई मागितली, तर आई म्हणाल्या, "बारीक नाय ठेवत मी. दोन वर्षांनी या, तोवर मोठी होईल ती." बाई रागावून शेजारच्या पाटीकडे गेली. आई तशाच हसत बसल्या. मला तो सगळा वेडेपणा वाटला. खरं सांगू, थोडा अजूनही वाटतो.

आणि समुद्र. पहिले कित्येक महिने मी होडीच्या काठावर डोकं टेकून ओकत होतो. तू इंजिनच्या दांड्यावर हात ठेवून निवांत बसलेली असायचीस. "ओक, ओक. मासे खूश होतील, खाणं टाकतोयस त्यांना." आबा दुसरीकडे तोंड फिरवून हसायचे. पण परत येताना तूच आवळ्याची सुपारी माझ्या तोंडात घालायचीस, आणि किनाऱ्यावर उतरायच्या आधी ओल्या हाताने माझं तोंड पुसून द्यायचीस, लोकांना कळू नये म्हणून. ते मी विसरलेलो नाही.

मग जाळी शिवायला शिकलो. पहिलं जाळं मी माझ्या हाताने बांधलं, पूर्ण, आणि ते घेऊन आपण गेलो त्याच दिवशी त्यात कासवीण अडकली. केवढी थोरली! पुढचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय गुंतलेले. मी म्हणालो, थांब, गाठी सोडवतो. तू सुरी काढलीस.

"वैशाली, नवं जाळं आहे ते!"

"तिला श्वास घ्यायला वर यावं लागतं. तू गाठी सोडवेपर्यंत ती मरेल."

"दोन मिनिटं—"

तू कापलंस. भराभर, हे एवढं. ती पाण्यात गेली, एकदा वर येऊन श्वास घेतला आणि गेली. मी परतीच्या वाटेवर तुझ्याकडे पाठ करून बसलो. संध्याकाळी तू ते फाटलेलं जाळं माझ्या पुढ्यात आणून टाकलंस आणि दुसऱ्या बाजूने शिवायला बसलीस. मग म्हणालीस, "रागाव. पण गाठ सरळ मार, सुटतेय ती." मला हसू आलं. तुझ्यावर धड रागावूसुद्धा द्यायची नाहीस तू.

मोठं भांडण झालं ते लाइटवाल्या बोटींवरून. रात्री पाण्यावर झगझगीत दिवे लावून सगळा मासा एकदम गोळा करायचा, लहान-मोठा, अंडीवाला, सगळा. आधी बाहेरच्या बोटी यायच्या, मग आपल्याही बंदरातले काहीजण करायला लागले. तू मच्छीमार संस्थेच्या सभेत उठून त्यांची नावं घेतलीस. मत्स्य खात्याच्या ऑफिसात जाऊन तक्रार दिलीस. मग आपल्याशी लोक बोलेनासे झाले. आईंच्या पाटीशेजारी कोणी बसेना. एका सकाळी बघतो तर वाळत घातलेली आपली जाळी कोणीतरी फाडून ठेवलेली.

मी म्हणालो, बस झालं. आपण दोघं लोट्याला जाऊ, साहेब मला परत घेतील. आपण समुद्रात एक होडी घालतो, ते माशांची शंभर पिल्लं मारतात तिथे आपण चार सोडतो, त्याने काय होणार आहे?

"चार राहतील," तू म्हणालीस.

"तुझ्या समुद्राला तुझं काही पडलेलं नाही, वैशाली. मला पडलंय."

तू माझ्याकडे बघितलंस. "मग जा. सकाळची बस आहे."

मीही हट्टाने बॅग भरली आणि स्टॉपवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने आई पाटी घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. बॅगेकडे बघितलंही नाही. बस दिसली तशा म्हणाल्या, "रत्नागिरीला येतोस काय बाजारात? आज पाटी जड हाय." मी त्यांची पाटी उचलून बसमध्ये चढलो. दिवसभर त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसून मासे विकले. संध्याकाळी परत आलो तेव्हा तू दारातच होतीस. "काय, लोटे लवकर आलं?" म्हणालीस. बस्स. ते भांडण तिथे संपलं, पण मिटलं नाही. मला अजूनही वाटतं मी बरोबर होतो. तुलाही तसंच वाटत असणार.

आता खरं भांडण.

गेल्या शिमग्याच्या सुमाराला मी तुला वाळूत बसलेलं बघितलं. पोट दाबून धरलं होतंस. मी जवळ आलो तशी उठून घरट्यांभोवतीच्या हॅचरीची जाळी तपासायला लागलीस. नंतर कळलं, ते दुखणं बरंच आधीपासूनचं होतं. मी तुला ओढूनच रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, गाठ आहे, मुंबईला दाखवा. लगेच. मी त्यांच्याकडे बघत राहिलो म्हणून परत म्हणाले, लगेच.

घरी येताना रिक्षात तू म्हणालीस, "पिल्लं निघू देत, मग जाऊ."

मी समजावलं. रिक्षातून उतरल्यावर ओरडलो. म्हणालो, तू आणि आई जा, मी राहतो, मी बघतो घरटी. तू म्हणालीस, "वाळू किती तापली की सावली करायची, तुला कळतं?" मी म्हणालो, "नाही कळत. मरू देत ती."

तू पाठ फिरवलीस. हॅचरीकडे गेलीस. आबा तिथेच खुंट्या ठोकत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण ते ठोकतच राहिले. मी त्या दिवशी त्या माणसाचा इतका राग केला की त्यांच्या पानाशेजारी जेवायला बसलो नाही. एक शब्द टाकला असता तर त्यांची मुलगी गेली असती मुंबईला, असं मला वाटत होतं.

शेवटच्या घरट्यातली पिल्लं निघेपर्यंत वैशाख लागला. मग आपण गेलो. ऑपरेशन, इंजेक्शनं, तुझे ते केस. मी एकदा मोठ्या डॉक्टरांना धरलंच, साहेब, आधी आणली असती तर? त्यांनी फाईल परत उघडली. म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित काही फरक पडला नसता. कदाचित पडला असता.

हे 'कदाचित' तू मला देऊन गेलीस, वैशाली. त्याचं मी काय करू?

नारळी पौर्णिमेला तुला होडीपाशी उतरता आलं नाही. खळ्यात खुर्चीवर बसवलं होतं तुला, तिथून तू इंजिनांचे आवाज ऐकून कोणाची होडी निघाली ते सांगत होतीस. गणपती गेले आणि त्यांच्यामागोमाग तू. दुपारची वेळ होती. मी तुला चमच्याने पाणी देत होतो. "आपलं इंजिन सर्व्हिसिंगला दे, आवाज बदललाय," म्हणालीस. माझ्याकडे बघून, अगदी नेहमीसारखं. मी हो म्हणालो. मला वाटलं अजून बोलशील. मी किती काय काय बोलायचं राखून ठेवलं होतं, तू जरा बरी झालीस की बोलू म्हणून.

तुझ्या दहाव्याला पाहुणे गेल्यावर आई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी काहीतरी कडू बोललो असणार, कासवांबद्दल. त्या म्हणाल्या, "कासवांचा काय दोष रे. ती भ्यायली होती."

"कोण? वैशाली?"

"ही लहान होती तेव्हा माझी जाऊ ऑपरेशनला म्हणून मुंबईला गेली ती परत आली नाय. ही तिच्या मांडीवर वाढलेली. तेव्हापासून हॉस्पिटल म्हटलं की पळायची. दाताला सूज आली तरी लपवायची. तुला बोलली नाय?"

नाही. तू बोलली नाहीस. भर सभेत चार जणांची नावं घेणारी तू, उधाणात होडी घालणारी तू, आणि मला एवढं सांगता आलं नाही? मी तुला धरून नेलं असतं गं. भ्यालेल्या बायकोला कसं न्यायचं ते मला जमलं असतं. हात हातात घेऊन रात्रभर बसलो असतो, दारापर्यंत, आतपर्यंत आलो असतो. कासवांपुढे माझं काही चालत नव्हतं. तू मला त्यांच्याशी भांडायला लावलंस, आणि स्वतः त्यांच्या मागे एकटीच भीत बसलीस.

मी त्या दिवसापासून हेच धरून बसलोय. याच्यापुढे माझं डोकं जात नाही.

तेराव्याला माझी आई आणि भाऊ आले. आई तुझ्या फोटोपुढे रडली, खोटं नाही, मनापासून रडली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता इथे तुझं कोण आहे, संदेश? घरी चल." आबांनी ते ऐकलं. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "बरोबर बोलतायत त्या. जा तू. आम्ही अडवणार नाय. ती होती म्हणून तू होतास." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला ते वाक्य असं लागलं की मी आत जाऊन बॅग काढली.

दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण. सुतक फिटलं, घरात मासा शिजायला हवा. पहाटे आबा दाराशी आले. "जाळं ओढायला माणूस लागतो. येतोस?"

आपण निघतो तशीच निघालो. इंजिनच्या दांड्यावर मी बसलो, कारण आबांना तिथे बसवेना. जाळं ओढलं. थोडे बांगडे होते, दोन-तीन सरंगे, आणि बरीचशी बारीक मासळी. आम्ही दोघांनी बारीक वेचून पाण्यात सोडली. घरी पंधरा माणसं जेवायला होती, तरीही सोडली. आबा घराकडे फिर म्हणतील म्हणून मी थांबलो, तर ते तसेच बसलेले.

"रागावलायस माझ्यावर," ते म्हणाले.

मी टोपलीतले बांगडे उगाच एका बाजूला सारले.

"मला ठाव हाय. तिला हात धरून न्यायला पायजे होती मी. पण मी सांगितलं असतं तर ऐकलंन असतंन तिनं?"

मी विचार केला. खरोखर विचार केला. "नसतं ऐकलं."

"माझं कधी ऐकलंन?"

"माझंही नाही."

आणि काय झालं कोण जाणे, आम्ही दोघं हसायला लागलो. त्या एवढ्या पाण्यात, तू गेल्यावर पहिल्यांदा. हसता हसता आबांचा चेहरा एकदम फुटला. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, तुझ्या चितेपाशीसुद्धा नाही. जाळं छातीशी धरून ते लहान पोरासारखे रडत होते. होडी डुलत होती. मी इंजिन बंद केलं आणि त्यांच्यापाशी जाऊन बसलो.

बऱ्याच वेळाने पंच्याने तोंड पुसून ते म्हणाले, "जा म्हणालो तुला. म्हणालो ते खरंच. जा." मग खाली मान घालून, "पण आज नको."

घरी आल्यावर आईंनी तेवढ्याच माशांचं कालवण वाढवून वाढवून सगळ्यांना पुरवलं. माझी आई बघत होती. दुपारी ती आणि भाऊ निघाले, तेव्हा तिने बॅगेचा विषय काढला नाही. फक्त विचारलं, "कधी येतोस?" मी म्हणालो, "बघू."

ती रोज फोन करते. आबा रोज सकाळी दाराशी येतात. जा म्हणून आता म्हणत नाहीत. इंजिन सर्व्हिसिंगला दिलं होतं, आवाज सुधारला. आई अजून बाजारात गेलेल्या नाहीत, पण काल त्यांनी पाटी धुऊन उन्हात ठेवली. हॅचरीवर मदतीला येणारी कॉलेजची पोरं विचारून गेली, यंदा हॅचरी करायची ना? मी म्हणालो, मला वाळूतलं काही कळत नाही, शिकावं लागेल. आबा म्हणाले, शिकेल तो.

पण तू यावरून काही समजू नकोस. समुद्र मला अजून पटलेला नाही. तुझी चार पिल्लं आणि त्यांची शंभर, तो हिशेबही मला पटलेला नाही. आणि तुझ्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, वैशाली. तो इथेच येतो मला, या खळ्यात, या वाळूत, तुझ्या माणसांत. दुसरीकडे गेलो तर तोही सुटेल माझ्याकडून, आणि मग माझ्याजवळ तुझं काहीच राहणार नाही.